मल्टिनॅशनल कंपन्या, धंद्यातली नीती आणि ग्लोबल मार्केटिंग कसं शिकवायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

अकरावी-बारावी कॉमर्स, बीकॉम, बीएमएस शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी, त्यातही मुंबई-ठाण्याकडच्या. मी ज्युनिअर कॉलेजला ओसीएम, म्हणजे वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन, शिकवते आणि दर जूनला नवीन लागलेले सर-मॅडम तेच प्रश्न विचारतात, पालकसभेत पालकही विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवलंय. सिलॅबस काय आहे ते इथे नाही, तो सगळ्यांकडे आहे. शिकवायचं कसं, एवढंच आहे.

सुरुवात व्याख्येपासून करायची ना?

नको. व्याख्या शेवटी द्या. आधी पोरांना आदल्या दिवशी सांगा की घरातल्या पाच वस्तूंची पाकिटं उलटी करून वाचून या, मागे बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते, बनवणारी कंपनी कोण, विकणारी कोण, पत्ता कुठला. टूथपेस्ट, साबण, बिस्कीट, चप्पल, कंपासपेटी, काहीही चालेल. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने करायचे, देशी आणि परदेशी, आणि पाकीट न बघता आधी अंदाज करायला लावायचा.

बाटा हमखास देशीच्या रकान्यात जाते. ती मूळची चेक, १८९४ मध्ये झ्लिन गावात सुरू झालेली. कॅमलिन तर आपलीच म्हणतात सगळे, आणि होतीच, १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेली मराठी घराची कंपनी, पण २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने तिच्यात मोठा हिस्सा घेतला आणि आज कंपासपेटीवर कोकुयो कॅमलिन असंच छापलेलं असतं, पोरांनी रोज हातात धरलेलं असतं पण वाचलेलं नसतं. लॅक्मे टाटांनी सुरू केली आणि नंतर हिंदुस्तान लिव्हरकडे, म्हणजे परदेशी युनिलिव्हरच्या इथल्या कंपनीकडे गेली. थम्सअप पार्लेच्या चौहानांची होती, १९९३ पासून कोका-कोलाची आहे. आणि उलट बाजूला विको, नाव ऐकून पोरांना परदेशी वाटते, ती परळला पेंढारकरांनी १९५२ मध्ये सुरू केली.

एवढं झालं की वर्ग जागा होतो आणि पोरंच विचारतात की मग कंपनी कुठली हे ठरवायचं कसं, मालक कोण त्यावरून की कारखाना कुठे त्यावरून की कामगार कोण त्यावरून. त्या क्षणी व्याख्या द्या: मुख्यालय एका देशात, उत्पादन किंवा सेवा अनेक देशांत, आणि मोठे निर्णय मुख्यालयाच्या हातात. नुसता माल परदेशात पाठवणारी कंपनी निर्यातदार झाली, मल्टिनॅशनल नाही, हा फरक परीक्षेत विचारतात आणि पोरं चुकतात.

सगळ्या केसेसना जोडणारा एखादा धागा आहे का? नाहीतर नुसत्या गोष्टी होतात.

आहे, आणि माझं सगळं शिकवणं त्याच्यावरच उभं आहे. कुठलीही कंपनी घ्या, तीन प्रश्न विचारा. निर्णय कुठे झाला? पैसा कुठे गेला? काही बिघडलं तर सोसलं कोणी? ही तिन्ही उत्तरं एकाच गावात असतील तर धंदा बहुतेक सरळ चालतो, कारण चूक केली तर उद्या त्याच लोकांना तोंड दाखवायचं असतं. मल्टिनॅशनलमध्ये निर्णय एका देशात होतो, पैसा दुसऱ्या देशात जातो आणि त्रास तिसऱ्याच ठिकाणी, आणि नीतीचे सगळे प्रश्न त्या अंतरातून येतात. कंपनी वाईट म्हणून परदेशी किंवा परदेशी म्हणून वाईट असं काही नसतं, हे पोरांना पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे. हेच तीन प्रश्न टाटांना विचारायचे, सरकारी कंपनीला विचारायचे आणि गल्लीतल्या बिल्डरलाही.

इतिहास किती शिकवायचा? पोरांना तारखा नको असतात.

तारखा कमी, पण दोन वळणं सोडू नका.

पहिलं, ईस्ट इंडिया कंपनी. ती राजाची नव्हती, शेअरहोल्डरांची होती, ३१ डिसेंबर १६०० ला सनद मिळालेली व्यापारी कंपनी. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबईची बेटं तिला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. आपण ज्या शहरात बसून हे शिकवतोय ते शहरच एका परदेशी कंपनीने भाड्याने घेतलं होतं, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. पुढे त्याच कंपनीकडे फौज आली, कर वसुली आली. कंपनी मोठी झाली की तिच्यावर लगाम कोणाचा, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

दुसरं वळण १९७७. त्याचा वेगळा प्रश्न नेहमी येतो, तो खाली.

कोका-कोलाला भारतातून खरंच हाकलून लावलं होतं का?

हाकललं असं पालक सांगतात, खरं थोडं वेगळं आहे. १९७३ चा फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा होता, त्यात बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातल्या कंपनीतला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस, आपल्या मुंबईच्या कामगार चळवळीतून वर आलेले, त्यांनी तो नियम रेटून धरला. कोका-कोलाने हिस्सा सोडायला आणि फॉर्म्युला द्यायला नकार दिला आणि धंदा बंद करून निघून गेली. पुढच्या वर्षी आयबीएमही गेली. सरकारने डबल सेव्हन नावाचं पेय काढलं, ते फार चाललं नाही, चाललं ते थम्सअप.

पण इथे थांबू नका. सगळ्याच गेल्या नाहीत हे सांगा. हिंदुस्तान लिव्हरने हिस्सा कमी केला, निर्यात आणि जास्त तंत्रज्ञान लागणाऱ्या उद्योगांत पैसे घातले आणि ५१ टक्के हातात ठेवूनही इथेच राहिली. एकच कायदा, आणि दोन कंपन्यांची दोन उत्तरं, हे पोरांना समोरासमोर मांडून द्या आणि कोणाचं बरोबर होतं ते त्यांना भांडू द्या. कोका-कोला १९९३ ला परत आली तेव्हा तिने सगळ्यात आधी काय केलं असेल तर थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट विकत घेतले, म्हणजे ती नसताना जे बाजार सांभाळत होते तेच. नंतर थम्सअप बंद करून टाकता आलं असतं, पण गिऱ्हाईक सोडेना, आणि आज ते कंपनीच्या भारतातल्या सगळ्यात मोठ्या ब्रँडपैकी एक आहे.

ग्लोबल मार्केटिंग शिकवताना फॉरेनची उदाहरणं द्यायची की इथली?

इथली. आणि जमलं तर चालत जाऊन बघता येतील अशी.

मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं, दिल्लीत आणि आपल्या वांद्र्याच्या लिंकिंग रोडला. जगभर ज्या कंपनीची ओळख बीफ बर्गर, तिने इथे बीफ आणि पोर्क दोन्ही ठेवलं नाही, व्हेज आणि नॉनव्हेज बनवायची जागा वेगळी केली आणि आलू टिक्कीचा बर्गर काढला. पोरांना विचारा, मग बदललं नाही ते काय? रंग, लोगो, काउंटरवर ऑर्डर द्यायची पद्धत, बटाट्याच्या फ्राइजची लांबी. म्हणजे काय हलवायचं आणि काय हलवायचं नाही हे आधी ठरवणं, हेच ग्लोबल मार्केटिंग. पाठ्यपुस्तकातलं प्रमाणीकरण (सगळीकडे तेच) आणि अनुकूलन (जागेप्रमाणे बदल) यातूनच समजावता येतं, आणि पोरं ते विसरत नाहीत कारण त्यांनी ते खाल्लेलं असतं.

केलॉग्ज याच्या उलट. १९९४ मध्ये आली, कारखाना आपल्या तळोज्यात. कॉर्नफ्लेक्स थंड दुधातले, आणि आपल्या घरांत सकाळी गरम पोहे, उपमा, चहा-चपाती. लोकांनी सवयीने गरम दूध ओतलं आणि फ्लेक्सचा लगदा झाला. किंमतही जड होती. कुतूहल म्हणून पहिलं पाकीट घेतलं जायचं, दुसरं घ्यायला कोणी येत नव्हतं. कंपनीला इथली सकाळ समजायला बरीच वर्षं लागली. मी ही केस शिकवताना पोरांना एवढंच विचारते की तुमच्या घरी सकाळी स्वयंपाकघरात कोण उभं असतं, किती वाजता, आणि किती डबे भरायचे असतात. त्याची उत्तरं आली की बाजार संशोधनाचा अख्खा धडा झालेला असतो.

स्टारबक्सचं पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२ ला हॉर्निमन सर्कलला, टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत. ही जॉइंट व्हेंचरची केस म्हणून घ्या, एकटं यायचं की इथल्या कोणाचा हात धरून यायचं हा निर्णय समजावायला बरी पडते.

आणि एक केस उलट्या दिशेची हवीच, जिथे देशी धंद्याने मोठ्या कंपनीला शिकवलं. अहमदाबादला करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये निर्मा पावडर सुरू केली, लिव्हरच्या सर्फपेक्षा कितीतरी कमी किमतीत. लिव्हरला वाटलं निर्मा घेणारा आपला गिऱ्हाईकच नाही, आणि बघता बघता बाजार गेला, मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी व्हील आणली. शांपूच्या पुडीचंही तसंच, ती आयडिया तामिळनाडूतल्या छोट्या कंपन्यांची, मोठ्यांनी मागून उचलली.

त्या शांपूच्या पुड्या, त्यात नीतीचा प्रश्न कुठे येतो?

येतो, आणि दोन्ही बाजूंनी येतो म्हणून ही केस मला फार आवडते. वाण्याच्या दुकानात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईला शंभरची बाटली परवडत नाही, एक-दोन रुपयाची पुडी परवडते, चांगला शांपू तिच्यापर्यंत पोचला हे खरं आहे. आणि ती रिकामी पुडी अनेक थरांच्या प्लास्टिकची असते, तिचा पुनर्वापर अवघड, भंगारवाला तिला भाव देत नाही म्हणून कचरा वेचणाऱ्या बायका ती उचलत नाहीत, आणि पावसाळ्यात ती नाल्यात असते. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी हा कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आता तीन प्रश्न लावा. वर्ग दोन गटात फुटतो आणि दोन्ही गट प्रामाणिक असतात.

एथिक्स म्हटलं की पोरं झोपतात. काय करू?

कारण आपण सुविचार सांगतो. खरं बोलावं, फसवू नये, हे त्यांना पहिलीपासून माहीत आहे. एथिक्स शिकवायचं तर अशी जागा दाखवावी लागते जिथे दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच करता येते, किंवा कायदा परवानगी देतो आणि मन देत नाही.

उदाहरण म्हणून सेरेलॅक घ्या. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने दाखवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या, लहान बाळांच्या सेरेलॅकमध्ये वरून घातलेली साखर आहे आणि त्याच कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या तशाच खाण्यात नाही. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही भारताचे नियम पाळतो. आता प्रश्न हा नाही की कायदा मोडला का. प्रश्न असा की तुमच्या स्वतःच्या देशातल्या बाळाला जे देत नाही ते इथल्या बाळाला देणं बरोबर आहे का. ज्यांच्या घरी लहान भावंड आहे ती पोरं या दिवशी झोपत नाहीत.

भोपाळ शिकवावं का? फार जड होतं असं वाटतं.

शिकवावंच, आणि घाईत उरकू नये. यासाठी पूर्ण दोन तास ठेवा.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र ते ३ ची पहाट, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर आला. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९, आणि खरा त्याच्या कितीतरी पट आहे असं पीडितांच्या संघटना आजही सांगतात. हे पोरांना थोडंफार माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की ते रसायन साठवलेल्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता, आणि हे सगळं एका तोट्यात चाललेल्या कारखान्यात खर्च कमी करण्याच्या काळात झालं होतं. इथे अपघात हा शब्द पुरतो का ते त्यांना ठरवू द्या.

मग मालकी. भारतातल्या कंपनीत अमेरिकन कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के. जबाबदारीची वेळ आली तेव्हा अमेरिकन कंपनी म्हणाली कारखाना भारतीय कंपनी चालवत होती. खटला अमेरिकेत चालवायचा प्रयत्न झाला, तिथल्या कोर्टाने तो भारतात पाठवला. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि जुनी जबाबदारी आमची नाही म्हणाली. २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, अमेरिकन प्रमुख वॉरन अँडरसन कधी कोर्टासमोर आलाच नाही. भरपाई वाढवून द्या ही सरकारची मागणी सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. आणि कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा हलवायला जानेवारी २०२५ उजाडलं. चाळीस वर्षं.

निर्णय कुठे, पैसा कुठे, सोसलं कोणी, हे तीन प्रश्न यापेक्षा स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच केसमध्ये दिसत नाहीत. शेवटी हेही सांगा की यातूनच १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, नाहीतर पोरं फक्त हताश होऊन घरी जातात.

वर्गात चेंबूर-माहुलकडची पोरं असतील तर ती आपणहून बोलायला लागतात, रिफायनऱ्या त्यांच्या खिडकीतून दिसतात, हवेच्या तक्रारी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेल्या आहेत. बोलू द्या त्यांना. त्या रिफायनऱ्या मुख्यतः सरकारी कंपन्यांच्या आहेत, म्हणजे मालक परदेशी नसला तरी प्रश्न तेच.

एन्रॉन जुनं झालं ना? आता कशाला?

महाराष्ट्रात मल्टिनॅशनल शिकवायची आणि एन्रॉन सोडायचं हे मला पटत नाही. पोरांच्या आई-वडिलांना ते लोडशेडिंग आठवतं.

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने करार केला, स्पर्धेची निविदा न मागवता. दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घ्या किंवा न घ्या, ठरलेला पैसा द्यावा लागणार. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी करून तोच प्रकल्प मोठा करून घेतला. गावकऱ्यांनी आंदोलनं केली, पोलिसांनी ती दडपली, ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ मध्ये त्याच्यावर रिपोर्ट काढला. १९९९ ला वीज सुरू झाली, नाफ्त्यावर चालणारी आणि महाग, मंडळाला बिलं झेपेनात, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन अमेरिकेत हिशोबाच्या घोटाळ्यात दिवाळखोर झाली.

ही केस शिकवताना सगळा दोष कंपनीवर टाकून मोकळं होऊ नका, पोरांना ते सोपं वाटतं. करारावर सही दोन्ही बाजूंनी होती. समोरचा मुरलेला असेल तर आपल्या बाजूने वाचणारा कोण होता, कागद लोकांना का दाखवले नाहीत, जास्तीचा भार शेवटी वीज बिल भरणाऱ्यावर कसा आला, हे विचारा. करार वाचता येणं हाही धंद्यातल्या नीतीचा भाग आहे असं मी मानते.

मॅगीच्या केसमध्ये शेवटी बरोबर कोण होतं?

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं, आणि म्हणूनच वादविवाद घ्यायला ही उत्तम. ५ जून २०१५ ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नेस्लेच्या मॅगीवर बंदी घातली, शिसं मर्यादेपेक्षा जास्त आणि पाकिटावर एमएसजी (चव वाढवणारा पदार्थ) घातलेलं नाही असा मजकूर, हे आरोप. १३ ऑगस्टला आपल्या मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली, कारण कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती आणि तपासणी झालेल्या लॅबना योग्य मान्यता नव्हती. पुन्हा मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासणी झाली, नमुने पास झाले, नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. एका गटाला प्राधिकरण करा, एकाला कंपनी, एकाला आई. आईच्या गटाची बाजू बहुतेक वेळा सगळ्यात जोरदार असते.

त्याला जोडून कॅडबरीची २००३ ची केस सांगा, चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कारवाई केली, कंपनीने आधी साठवणुकीवर बोट दाखवलं पण काही महिन्यांतच पॅकिंग बदललं आणि अमिताभ बच्चनला जाहिरातीत आणलं. पॅकिंग बदलणं आणि बच्चनला आणणं यातलं नीती कुठलं आणि मार्केटिंग कुठलं, एवढा एकच प्रश्न द्या.

फेअर अँड लव्हलीवर वर्गात बोलावं का? मुली अवघडतात.

बोलावं, पण कोणाच्याही रंगाचं नाव वर्गात निघणार नाही याची काळजी घेऊन. मी चर्चा घेत नाही, आधी नाव न लिहिता कागदावर लिहायला लावते, गोरेपणाच्या जाहिरातीने घरात काय बोललं जातं ते. ते कागद वाचताना पोटात कालवतं. मुलगेही लिहितात.

वस्तुस्थिती अशी: हिंदुस्तान लिव्हरचं हे क्रीम १९७५ मध्ये आलं. महिला संघटनांनी जाहिरातींविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केले की सावळी व्यक्ती दुःखी किंवा अपयशी दाखवायची नाही. २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. कंपनीने मागणी पुरवली की मागणी तयार केली, यावर एक पान लिहायला द्या, तोंडी नको.

सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणजेच बिझनेस एथिक्स ना?

नाही! ही गल्लत उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त दिसते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नेटवर्थ किंवा १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. ते नफा कमावून झाल्यावरचं आहे. नफा कमावला कसा, ते एथिक्स. शाळेला बेंच देणारी कंपनी नदीत रसायन सोडत असेल तर सीएसआर पूर्ण आणि नीती शून्य.

भारतीय कंपन्या पण मल्टिनॅशनल असतात का?

असतात, आणि त्यातली सगळ्यात मोठी नावं फोर्टातच सापडतात. टाटांनी २००० मध्ये इंग्लंडची टेटली चहा कंपनी घेतली, २००७ मध्ये कोरस स्टील, २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर. म्हणजे वेल्समधल्या पोलाद कामगाराच्या दृष्टीने बॉम्बे हाउस हे दूरचं परदेशी मुख्यालय. वेल्समधल्या टाटांच्या पोर्ट टॅलबॉट कारखान्याच्या भट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या, तिथल्या हजारो कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आला. पोरांना तिथल्या कामगाराच्या जागी बसवून तेच तीन प्रश्न विचारा. अभिमान आणि प्रश्न दोन्ही एकत्र ठेवता येतात, हे सतरा वर्षांच्या पोराला जमतं, आपणच त्याला कमी लेखतो.

पालक म्हणतात, अशा कंपन्यांत नोकरी लागायला हवी आणि तुम्ही त्यांच्याविरुद्ध भरवताय.

हे मला दर वर्षी ऐकावं लागतं आणि मी ते मनापासून ऐकते, कारण त्यांची काळजी खरी आहे. अंधेरी, पवई, बीकेसी, ऐरोली, सगळीकडे याच कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि पगार तिथेच आहे. मी त्यांना सांगते, ताई, दादा, तुमचं पोर तिथे नोकरीला लागेल तेव्हा एक दिवस त्याच्यासमोर एखादा कागद येईल आणि वरचा साहेब म्हणेल सही कर, सगळे करतात. त्या दिवशी उपयोगी पडावं म्हणून हे शिकवतेय. सेल्सला लागलेला मुलगा महिन्याअखेरीला टार्गेटसाठी वाण्याच्या गळ्यात नको असलेला माल मारतो, त्याला ते चूक आहे हे कळत असतं पण बोलायला शब्द नसतात.

इंडस्ट्रियल व्हिजिटला कुठे न्यायचं?

मोठ्या कंपनीची परवानगी मिळायला महिने लागतात आणि तिथे चकचकीत हॉल, प्रेझेंटेशन आणि सँडविच मिळतं. त्यापेक्षा पोरांना आपापल्या वाण्याकडे पाठवा. कुठल्या कंपनीचा सेल्समन कुठल्या वारी येतो, कोणाची स्कीम काय आहे, दुकानात समोरच्या फळीवर माल लावायला कोणी पैसे किंवा माल देतं का, एक्सपायरी झालेला माल कोण परत घेतं आणि कोण घेत नाही. दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असतं तेव्हा जा, संध्याकाळी गेलात तर वाणी उभं करणार नाही. दुकानाचं नाव प्रोजेक्टमध्ये लिहायचं नाही, हे आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी बोलणार नाही.

खोटी जाहिरात दिसली तर पोरांनी करायचं काय?

खरी तक्रार करायची. जाहिरात मानक परिषद म्हणजे आस्की, १९८५ पासून मुंबईतच आहे, ऑनलाइन तक्रार घेते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करतेय, त्यांचा अनुभव दांडगा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तक्रारीचा मसुदा वर्गात सगळ्यांनी मिळून लिहा, पुराव्याचा फोटो, तारीख, दावा काय आणि खोटा कसा. बारावीचा ग्राहक संरक्षणाचा धडा यातच होऊन जातो.

मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना इंग्रजी शब्द अडतात.

संकल्पना मराठीत समजवा, शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर लिहा, चर्चा मराठीतच होऊ द्या. उत्तर कुठल्या भाषेत लिहायचं ते नंतर बघता येतं.

माझ्याकडे फक्त दोन लेक्चर आहेत.

पहिल्यात पाकिटं, दुसऱ्यात भोपाळ. बाकी सोडा.

पोरं प्रोजेक्ट एआयवरून उतरवून आणतात, मार्क कसे द्यायचे?

विषयच असा द्या की उतरवता येणार नाही. "नेस्ले कंपनीची माहिती लिहा" म्हटलं की उतरवलेलंच येणार. त्याऐवजी, तुमच्या घरातली एक वस्तू, तिच्या पाकिटाचा स्वतः काढलेला फोटो, घरात ती कोण निवडतं आणि का, वाण्याने तिच्याबद्दल काय सांगितलं, आणि तीन प्रश्नांची उत्तरं. वीसपैकी आठ मार्क तोंडी परीक्षेला ठेवा आणि तिथे एकच विचारा: ही वस्तू तू आता घेशील का? हो म्हटलं तरी पूर्ण मार्क, नाही म्हटलं तरी पूर्ण मार्क, कारण सांगता आलं नाही तर कापा. मागच्या बॅचला एका मुलीने सांगितलं होतं की कंपनीबद्दल सगळं वाचूनही ती तोच साबण घेते, कारण आजीच्या त्वचेला दुसरा चालत नाही. तिला मी आठपैकी आठ दिले.